अर्धा इंच

लाखनीला आमच्या नव्या घराचं काम चालू आहे. दोन्ही स्लॅब पडले, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि आता प्लास्टरच्या आधी पाण्याचे पाइप भिंतीत जायचे आहेत. ज्यांनी घर बांधलंय त्यांना ही वेळ बरोबर आठवेल. मिस्त्री ग्राइंडर घेऊन झिरी मारायला तयार असतो आणि घरातले सगळे टाइल्सच्या रंगावरून भांडत असतात. पाइपाकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण तो दिसणार नसतो. पण गंमत बघा, टाइल नाही आवडली तर नवी बसवता येते. तिच्या मागचा पाइप चुकला तर आधी टाइल फोडा, मग भिंत फोडा, मग पाइप बदला आणि मग तशीच टाइल शोधत नागपूरपर्यंत फिरा. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून घर होतंय. दुसऱ्यांदा भिंत फोडण्याचं बजेट नाही.

आमच्या प्लंबर मिस्त्रींचा हिशोब सोपा होता. "टाकीतून एक इंची काढू जी गुरुजी. खाली येता येता पाऊण करू, बाथरूमात अर्धा. पाइप बारीक होत गेला का पानी कसं जोरात फेकते! आजवर कोनाची कंप्लेट नाही."

बाबा म्हणाले, "थांबा, आमच्याकडे मेकॅनिकल इंजिनिअर आहे."

म्हणजे मी. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, या प्रकाराला आपल्याकडे काही नवल राहिलेलं नाही. पण चार वर्षांची फी भरलेल्या माणसाला कधी तरी परतावा हवाच असतो. सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स बाहेर काढलं, एक एक्सेल शीट उघडली आणि दोन वीकेंड त्यात घालवले. जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय, कारण हा हिशोब कुठल्याही दुमजली घराला लागू पडेल.

सुरुवात प्रेशरपासून. छतावरच्या टाकीचं पाणी खाली येतं ते फक्त उंचीच्या जोरावर. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब मिळतो. पाइप सुतळीएवढा असो की ड्रमएवढा, नळ बंद असताना दाब तोच. मग पाइपाच्या जाडीने फरक कुठे पडतो? पाणी चालू लागलं की. चालतं पाणी पाइपाच्या भिंतीला घासतं आणि त्या घासण्यात उंचीने दिलेला दाब खर्च होतो. पगार ठरलेला आहे, तो टाकीच्या उंचीने ठरवला. जाड पाइप पगार वाढवत नाही, फक्त वाटेतला खर्च कमी करतो.

मिस्त्रींचं 'बारीक केला का जोरात फेकते' हे मात्र अगदीच खोटं नाही. बागेच्या नळीच्या तोंडाला अंगठा लावला की धार लांब जाते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी करून पाहिलंय. पण तिथे अंगठा फक्त टोकाला असतो. सगळी नळीच अंगठ्याएवढी बारीक केली तर धार लांब जाणार नाही, नुसतं ठिबकेल.

हे घासण्याचं गणित ज्याने नीट मोजलं तो हेन्री डार्सी. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा इंजिनिअर. १८४० मध्ये त्याने जवळजवळ तेरा किलोमीटर लांबून झऱ्याचं पाणी झाकलेल्या पाटाने, केवळ उतारावर, शहरात आणलं. पुढे वेगवेगळ्या जाडीच्या, नव्या-जुन्या, गुळगुळीत-खडबडीत पाइपांतून पाणी सोडून त्याने मोजमापं घेतली आणि ती १८५७ मध्ये छापली. आज आपण वापरतो त्या सूत्राला त्याचं नाव आहे. त्याचा मतितार्थ एका ओळीत सांगायचा तर: तेवढंच पाणी निम्म्या जाडीच्या पाइपातून नेलं तर घर्षणात जाणारा दाब दुप्पट नाही, चौपटही नाही, जवळजवळ बत्तीसपट होतो. व्यासाचा पाचवा घात! माझ्या मते घर बांधणाऱ्या प्रत्येकाला एवढी एक गोष्ट माहीत असली तरी पुष्कळ झालं.

आता त्या 'अर्ध्या इंचा'कडे येतो. मी वर्नियर कॅलिपर घेऊन बसलो तेव्हा मिस्त्री हसत होते. जुन्या घरातला जो लोखंडी जीआय पाइप असायचा, त्यातला अर्ध्या इंचाचा पाइप आतून साधारण १६ मिलिमीटर असतो. म्हणजे नावापेक्षा चांगलाच मोठा. आज जो बदामी रंगाचा सीपीव्हीसी पाइप मिळतो, त्यातला अर्ध्या इंचाचा बाहेरून १५.९ मिलिमीटर आणि आतून जेमतेम साडेबारा. म्हणजे नव्या पाइपाचं बाहेरचं माप जुन्या पाइपाच्या आतल्या मापाएवढं! दोघांचं नाव 'अर्धा इंच', आणि दोघांच्याही आत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, इंटरफेसचं नाव तेच ठेवून आतला कोड बदलला. सीपीव्हीसी गुळगुळीत असतो आणि गंजत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तो धरूनही तेवढंच पाणी नेताना अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीत नव्या जीआयच्या दुपटीहून जास्त दाब जातो. मिस्त्रींचे वडील ज्या मापाने घरं करायचे तेच माप आजही चालतंय, पाइप मात्र बदललाय. 'वरच्या मजल्याचा शॉवर चालतच नाही' ही तक्रार जी घरोघरी ऐकू येते, तिच्यामागे बरेचदा हेच असावं असा माझा अंदाज.

आता आमच्या घराचे आकडे. शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी आलं तर आंघोळ बरी होते. तेवढं पाणी नेताना अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी दर मीटरला साधारण १३ सेंटीमीटर उंची खातो. पाऊण इंची २ सेंटीमीटर खातो. एक इंची अर्धा-पाऊण सेंटीमीटर. टाकीपासून वरच्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत आमचा पाइप १५ मीटर. एल्बो, टी आणि कॉक यांच्यातलं नुकसान पाइपाच्या लांबीतच धरायची पद्धत आहे, ते ७ मीटर धरले. झाले २२. अर्ध्या इंचाला हवेत २ मीटर ८६ सेंटीमीटर. आणि हातात किती? टाकी गच्चीवर तीन फुटांच्या ओट्यावर ठेवायची ठरली होती. शॉवर फरशीपासून सात फुटांवर, गच्ची साडेदहा फुटांवर. म्हणजे शॉवर ते टाकीचा तळ हे अंतर साडेसहा फूट, २ मीटरसुद्धा नाही. शिल्लक उणे! पाऊण इंचीत तेच नुकसान ४५ सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्यावरून पाऊणवर गेलो की मीटरांत फायदा. पाऊणवरून एकवर गेलो तर एका शॉवरला आणखी जेमतेम एक फूट.

पण घरात एकच नळ नसतो. आंघोळ चालू असताना खाली कुणी तरी बादली लावतंच. त्याच पाऊण इंचीतून मिनिटाला २० लिटर जायला लागलं की तेच नुकसान अडीच मीटरजवळ पोचतं आणि वरचा शॉवर रुसतो. कारण खालच्या नळाला एका मजल्याची उंची जास्त मिळते, तो आधी ओढून घेतो. यावर पाइप जाड करत बसण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दोन मजल्यांच्या लाइन टाकीपासूनच वेगळ्या काढायच्या. पाइप थोडा जास्त लागतो, दोन कॉक जास्त लागतात, भांडण मात्र मिटतं.

एकाच वेळी किती नळ उघडे असतील, हा प्रश्न मोठ्या इमारतींत फार गहन होतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटरने १९४० मध्ये त्यासाठी संभाव्यतेचं गणित मांडलं. शंभर नळ असले तरी शंभर एकदम उघडत नाहीत, मग पाइप कितीचा घ्यायचा? आमच्याकडे सर्व्हर किती घ्यायचे हे ठरवताना असाच हिशोब करतात, त्यामुळे हंटरसाहेब मला एकदम ऑफिसातलेच वाटले. आमच्या घराला मात्र संभाव्यता लागली नाही. आईला विचारलं. आजी पाच वाजता, बाबा सहाला, ती स्वतः साडेसहाला आणि "तुम्ही लोक उठाल तेव्हा". झाला डेटा गोळा.

थंड पाण्याची गोष्ट इथे संपली असती. पण आम्ही सोलर वॉटर हीटर बसवतोय, आणि त्याने सगळी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावली.

भंडारा जिल्हा तलावांचा. सगळीकडे धानाची बांधी, मालगुजारीच्या काळातले तलाव. उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्यामुळे 'लाखनीत गरम पाण्याची काय गरज' असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी जानेवारीत पहाटे पाचला इथे येऊन दाखवावं. आजवर आमच्याकडे चुलीवर गुंड चढायचा आणि त्यातलं पाणी बादलीने न्हाणीत न्यायचं. नेणारे बाबा. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता ते बंद करणं, हेच नव्या घरातलं माझ्या मते सगळ्यात मोठं काम. टाइल्स वगैरे नंतर.

सोलरवाल्याने पहिल्याच भेटीत सांगितलं की थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर पाहिजे, गच्चीपासून निदान सात फूट. कारण सोलरमधलं पाणी खाली येतं ते थंड टाकीच्या दाबानेच. तीन फुटांचा ओटा गेला. टाकी आता जिन्याच्या खोलीच्या छतावर, गच्चीपासून साडेआठ फुटांवर. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, त्यामुळे खाली कॉलम आहेत ना, हे आधी इंजिनिअरकडून पाहून घेतलं. वर चढून टाकी धुवायला जरा त्रास होईल. पण शॉवरच्या वर आता साडेसहाऐवजी बारा फूट मिळाले, ३ मीटर ६६ सेंटीमीटर. पाइप कितीही जाड केला असता तरी इतका फायदा झाला नसता. पगारवाढ ती पगारवाढ!

आणि गरम पाण्याचा पाइप? वरचं सगळं वाचून कुणीही म्हणेल, एक इंची टाका, घर्षण कमी. ठेकेदारही तेच म्हणाला, "गरम लाइन मोठीच घेऊ, कटकट नको."

इथे मी आजीला मध्ये आणतो. आजीचं वय ऐंशीच्या पुढे. विहिरीवरून पाणी ओढलेली बाई. नळ उघडल्यावर आधी थंड पाणी येतं, ते सोडून द्यायचं आणि गरम आल्यावर बादली लावायची, हे तिला मान्यच नाही. एकदा नागपूरला मामाकडे मी तसं करत होतो तर बाहेरून ओरडली, "काऊन सांडवून रायला रे पानी?" ती बादली आधी लावते, मग नळ उघडते. म्हणजे पाइपात रात्रभर उभं राहिलेलं सगळं थंड पाणी तिच्या बादलीत जाणार. मग तिच्या आंघोळीचं पाणी किती गरम असेल, हे सोलरपेक्षा पाइपाच्या जाडीवर ठरतं.

सोलरपासून खालच्या बाथरूमपर्यंत १८ मीटर. एक इंची पाइपात तेवढ्या लांबीत ७.७ लिटर पाणी मावतं. पाऊणमध्ये ४.६ लिटर. अर्ध्यात २.२. आता पहाट जानेवारीची, पाइपातलं पाणी १५ अंश, सोलरमधलं ५५ अंश, बादली १५ लिटरची. एक इंची पाइप टाकला तर निम्मी बादली थंड, निम्मी गरम, सरासरी साडेचौतीस अंश. अंगाच्या उष्णतेपेक्षाही कमी. न्हाणीत बसून अंगावर घेतलं तर हुडहुडी भरेल. पाऊणने ४२ ते ४३ अंश, बरं आहे. अर्ध्याने ४९. पाइप स्वतः तापायला थोडी उष्णता खातो, ती धरली तरी क्रम बदलत नाही. शिवाय ४९ मध्ये आजी तिच्या मनासारखं विसावण घालू शकते. साडेचौतीसमध्ये ती काय घालणार? रोज तेच पाणी घेऊन ती गप्प बसेल आणि तक्रारही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. आठवड्याभरात बाबा पुन्हा चूल पेटवतील आणि गुंड उचलतील.

म्हणून खालच्या गरम लाइनला अर्धा इंचच. हो, तोच साडेबारा मिलिमीटरवाला! तिथे तो चालतो, कारण खालच्या नळाच्या वर ८ मीटर ४० सेंटीमीटर उंची आहे. मिनिटाला ८ लिटर नेताना एल्बोंसकट साडेतीन मीटर गेले तरी उरलेलं भरपूर. वरच्या मजल्याची गरम लाइन पाऊण इंची, कारण तिथे उंची कमी, पण अंतरही ८ मीटरच, म्हणजे पाइपात दोनच लिटर. मिस्त्रींचा अर्धा शेवटी राहिला म्हणायचा. जागा बदलली.

ठेकेदाराला हे पटवायला वेळ लागला. बारीक पाइप म्हणजे पैसे वाचवणं, असाच त्याचा समज. बाबांना मात्र आकडे न दाखवता पटलं. आजी बादली कधी लावते एवढं सांगितलं, पुरे झालं.

याच सुमारास इंग्लंडमधल्या एका कॉलेजमित्राशी बोलणं झालं. तोही घर घेतल्यामुळे पाइपात अडकलेला, फक्त सेंट्रल हीटिंगच्या. तिथे पाणी बंद फेऱ्यात फिरतं, बॉयलरमधून रेडिएटरमध्ये आणि परत. गेलं तेवढंच वर-खाली येतं, त्यामुळे उंचीचा हिशोब कटतो आणि पंपाला फक्त घर्षणाशी लढायचं असतं. दीड किलोवॉटच्या रेडिएटरमध्ये पाणी २० अंश थंड होऊन परत जात असेल तर मिनिटाला १ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप त्याला सहज झेपतो. पण त्याला बॉयलर काढून हीट पंप बसवायचाय. त्यात पाणी फार तापत नाही आणि फरक पाचच अंशांचा ठेवतात, मग तेवढ्याच उष्णतेला चौपट पाणी फिरवावं लागतं. चौपट पाणी म्हणजे घर्षण तेरा-चौदा पट. बिचारा लाकडी फरशी उचकटून बसलाय. मी म्हटलं, आमच्याकडे घर गरम करायचा प्रश्नच नाही, मे महिन्यात ते आपोआप होतं. :)

असो. ठरलेलं सगळं आता भिंतींवर खडूने लिहून झालंय. थंड पाण्याच्या दोन्ही लाइन टाकीपासून एक इंची, बाथरूमच्या दारापर्यंत. आत पाऊण. शेवटचा हातभर तुकडा अर्ध्याचा, म्हणजे मिस्त्रींचा अंगठा जिथे हवा तिथे. प्रत्येक लाइनच्या कॉकनंतर हवेसाठी एक उभा पाइप टाकीपेक्षा वर काढलाय. हे मिस्त्रींनी सुचवलं, माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. लाइनमध्ये हवा अडकली की सगळं गणित असूनही नळ खोकतच राहतो, आणि ती बाहेर काढायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. सोलरजवळचे पहिले काही फूट लोखंडी पाइप, कारण मेमध्ये पाणी वापरलं गेलं नाही तर ते उकळीच्या जवळ जातं आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. गच्चीवरच्या गरम लाइनला काळ्या फोमची नळी चढवायची, वरून उन्हासाठी पट्टी.

पुढच्या शनिवारी झिरी मारायला सुरुवात. प्लास्टरच्या आधी सगळ्या लाइनची तोंडं बंद करून हँडपंपाने दाब द्यायचा आणि रात्रभर गेजचा काटा हलतो का ते बघायचं. आणि हो, भिंत बुजण्याआधी प्रत्येक पाइपाजवळ टेप धरून फोटो काढायचेत. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय.